खाली नको, वर

आडुतुरैला नात्यातल्या लग्नात पान वाढून झालं होतं. मी रसमभात कालवला आणि फोन वाजला. फोनवर आमच्या वस्तीतले शेजारी तमिळमध्ये एवढंच म्हणाले, की सूत धुण्याच्या कारखान्यात गॅस सुटलाय, तुमच्या अण्णाला दवाखान्यात नेलंय. पान तसंच टाकून मी कुंभकोणमची बस धरली. पाचव्या दिवशी अण्णा गेला. महिना झाला. जो येतो तो सांगतो, तुमचा भाऊ शूर होता. होताच. पण मला दुसरंच सांगायचं आहे…

सेतुमाधव, माझा थोरला भाऊ, अग्निशमन दलातून निवृत्त झाला आणि त्यानं वस्तीच्या आपत्ती समितीत नाव घातलं. मी म्हणायचे, लष्कराच्या भाकऱ्या भाजतोयस. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. हा दोन्ही भाषांत एकच गोष्ट बोलायचा. गॅस सुटला तर लोकांनी जायचं कुठं? माझे कान किटले होते.

आमच्याकडे काहीही झालं की माणसं देवळाच्या तळ्याकडे धावतात. ग्रहण सुटलं की तिथं, सुतक फिटलं की तिथं, आग लागली तरी तिथंच. समितीनंही कागदावर तेच लिहिलं होतं : तळ्याच्या पायऱ्यांवर जमावं. अण्णा भडकला. कारखान्यात क्लोरीनची नळकांडी आहेत, तो वायू हवेहून जड, पाण्यासारखा उतारानं जातो आणि खोलगट जागी साचून राहतो, हे त्यानं प्रत्येक बैठकीत सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तळ्याला नावं ठेवतो म्हणून एकदोघांनी तर त्याच्याशी बोलणंच सोडलं. तरी त्यानं चिकाटी सोडली नाही, आणि शेवटी कागदावर जागा बदलून घेतली : शाळेची गच्ची, वस्तीतली सगळ्यांत उंच.

त्या शाळेची मुख्याध्यापिका मी.

गच्चीच्या जिन्याला माझं कुलूप असायचं. उन्हाळ्यात बायका तांदळाचे वडाम वाळत घालायला वर यायच्या आणि फरशी चिकट करून ठेवायच्या. त्याचा मला मनस्वी संताप. किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये. अण्णा म्हणाला, एक जास्तीची करून वॉचमनकडे दे. मी म्हटलं, "तुझा गॅस यायचा तेव्हा येईल, वडाम रोज येतात." एरवी अशा बोलण्यावर तो खो खो हसायचा. त्या दिवशी नाही हसला. "कावेरी, तो सांगून येत नाही," एवढंच म्हणाला. बघते म्हटलं… आणि राहून गेलं.

लग्नाचा तो दिवस रविवार होता. नळकांड्याची झडप निखळली. अण्णानं ओला पंचा तोंडाला बांधला आणि दारोदार जाऊन माणसं बाहेर काढली, शाळेकडे धाडली. माणसं गेलीही, त्याचं ऐकून गेली. वॉचमननं फाटक उघडलं, पण जिन्याला कुलूप. वॉचमन फोन करत राहिला. मांडवात नादस्वरमच्या सनईसारख्या गजरापुढं मला काही ऐकू आलं नाही. माणसं थोडा वेळ घुटमळली, खोकायला लागली, मग सवयीनं वळली आणि तळ्याच्या पायऱ्या उतरली. पिवळट धूर आधीच तिथं पोचला होता. अण्णा त्यांच्या मागून खाली उतरला. एकेकाला हाताला धरून वर आणलं, पुन्हा उतरला, पुन्हा. शेवटच्या खेपेला त्यालाच उचलून आणावं लागलं.

सगळे वाचले, तो सोडून. दवाखान्यात तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. मी त्याचा हात धरून बसले होते. त्यानं मला काही विचारलं नाही.

मागच्या शुक्रवारी फुलवाली अंजलै घरी आली. त्या दिवशी तीही पायऱ्यांवर अडकली होती. अण्णाच्या फोटोला तिनं मोगऱ्याचा गजरा घातला आणि माझ्या पायांशी बसली. म्हणाली, मला चढवेना, तसा तो मला धीर देत होता. तो काय म्हणत होता, तेही तिनं सांगितलं : "वर चल अम्मा, शाळेत चल. माझ्या बहिणीनं एव्हाना येऊन उघडलं असेल."

मग तिनं माझे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. भावासारखीच बहीण, म्हणाली. मी हात काढून घेतले नाहीत. किल्ली कुठं होती, ते तिला अजून ठाऊक नाही.