खोबरेल लावलेली फळी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वर्षभर मी इथे आखातात, बिन महमूद भागातल्या आमच्या इमारतीचा एक मजलाही जिन्याने चढले नव्हते. लिफ्ट बंद असली की खाली सोफ्यावर बसून राहायचे. नाशिकला दर रविवारी डोंगर चढणारी बाई मीच, हे फोटो दाखवूनही माझ्या मुलीला पटत नसे. ती सतत माझ्या कोपराला हात लावून चालायची. त्या हाताचा मला राग यायचा, आणि तो सुटला की भीती वाटायची.

समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण वसईची, पेशाने फिजिओथेरपिस्ट. माझं रडगाणं ऐकून तिचे कान किटले असावेत. हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चहून आली ती थेट आमच्याकडे. "ताई, गुडघा कधीच बरा झालाय, आता नुसती भीती आहे. वाळूत पडलात तरी लागणार नाही. यल्ला, चला."

शहराबाहेर, मसईदच्या पुढे तिच्या माहितीतली वाळूची एक टेकडी होती. गाड्या उडवणारे तिकडे फिरकत नाहीत, कारण उतार अगदी बेताचा. लोक बर्फावर स्की करतात तसं इथे फळीवर बसून घसरायचं. शेजारणीने तिच्या मुलांची फळी दिली. ती नीट घसरावी म्हणून मी निघण्यापूर्वी गुपचूप तिला खोबरेल चोळलं. करकरणारं दार असो की कोरडे केस, आमच्याकडे उपाय एकच.

चढताना दोन पावलं वर, एक पाऊल खाली. मुलीचा हात कोपराला होताच. माथ्यावर पोचले तेव्हा पलीकडे समुद्राची निळी पट्टी दिसली आणि मला चक्क रडू आलं.

मग ऐटीत फळीवर बसले. फळी तसूभरही हलेना. उलटून पाहिलं, तर तेलावर वाळूचा जाड थर. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

"ताई, हिला रवा लावून तळायची आहे का?" शेजारणीने विचारलं. मग तिने फळी खसाखसा पुसली, पर्समधून एक मेणबत्ती काढली आणि फळीवर घासायला लागली.

"पर्समध्ये मेणबत्ती कशी?"

"सकाळी चर्चमध्ये तुमच्या गुडघ्यासाठी पेटवायची होती. गर्दीत राहून गेली."

मी पुन्हा फळीवर बसले. तिने पाठीवर हात ठेवला आणि ढकललं.

खाली पोचून मी आडवी झाले. तोंडात, कानात, केसांत वाळू. गुडघ्यात काही नाही. मुलगी घाबरून धावत उतरली. ती पोचेपर्यंत मी उठले होते. फळी काखोटीला मारली आणि पुन्हा चढायला लागले. निम्म्यावर आल्यावर लक्षात आलं, कोपराला हात नाही.

मागून धापा टाकत आवाज आला, "आई, वेट!"

मी थांबले. वर्षभरात पहिल्यांदा मी कुणासाठी तरी थांबत होते.