इरल्यातली
काल नातीनं मोबाईलवर रशियातलं एक हसवणारं गाण्याचं नाटक दाखवलं. त्यात पोरगी दाईचे कपडे घालून बापाच्या नाकासमोरून पळून जाते. मला एकदम पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायच्या ओल्या पानांच्या इरल्याचा वास आला. लग्नाआधी माझी बायको तशीच निघाली होती, शेजारणीचं इरलं तोंडावर ओढून, म्हातारीसारखी वाकून. मी फणसामागं लपून उभा. तिचा बाप पायरीवर कोयता घासत बसलेला. म्हणाला, “वयनी, लावणीला व्हय? आमच्या पोरीवर नजर ठेव गे. त्या गुंद गावचा एक उंडगा हितं घिरट्या घालतोय. गावला की तोडतोच.” इरलं नुसतं हललं आणि फणसाकडं आलं. यंदा लावणीला ती न्हाई. बांधावर कुणी इरल्यात वाकलेलं दिसलं तर मी हाक मारत न्हाई. तोंड वर होईस्तवर तीच असू दे.