अक्कासाठी टाकलेले टायर

हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. बायकोपुढंही नाही. मठात जातो, डोकं टेकतो, पण तिथंसुद्धा मन या गोष्टीला वळसा घालून पुढं जातं. मग तुम्हालाच का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. जे ओळखतात त्यांनी मला लई चांगला माणूस ठरवून टाकलंय.

आमचं गाव अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीला लागून. तिथं आजही कुठं भावाबहिणीत बिनसलं की माझं नाव निघतं. "बहिणीसाठी गाडीला नवे टायर घातले त्यानं, नवे शॉकअप घातले. भाऊ असावा तर असा." मी तिथं असलो तर खाली बघतो. लोकांना वाटतं, लाजला.

अक्का माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो, त्यामुळं आई म्हणून जे काही आठवतं ते सगळं अक्काचंच आहे. लग्न होऊन गेली, नवरा लवकर गेला, परत आमच्याकडंच आली. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. ती मला शेवटपर्यंत 'तम्मा'च म्हणायची — धाकटा भाऊ. माझे केस पिकले तरी तम्माच.

आणि माझा धंदा म्हणजे पिकअप. तिकडं कर्नाटकातल्या खाणीवरनं शाहाबादी फरशी भरायची आणि सोलापुरात नेऊन टाकायची. फरशीचं वजन तुम्हाला माहीत असेलच. कंपनीनं दिलेल्या कमानीवर, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर, ते पेलत नाही, म्हणून आमच्याकडं सगळेच मागं एकेक जादा पाटा चढवून घेतात. मीही घेतला होता. भरलेली गाडी मग दबून नीट चालते. रिकामी मात्र नुसती उडते. खड्ड्यातनं गेली की धक्का थेट बसणाऱ्याच्या पाठीत. आम्हाला सवय असते, आम्ही हसतो त्याच्यावर.

अक्काचा आजार छातीतनं मणक्यात उतरला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं स्पष्ट सांगितलं. बरं होणार नाही. पण दहा वेळा लाईटचा शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा, रोज एक. तो पुरा झाला तर दुखणं कमी होईल, आणि मुख्य म्हणजे पाय राहतील. अर्धवट सोडला तर पाय जातील. अक्काला मी एवढंच सांगितलं की शेकानं पाय चांगले राहतात. ती म्हणाली, "बास की मग. माझी मी संडासला गेले म्हंजे झालं. सुवर्णाला माझं करायला लागू नये." सुवर्णा म्हणजे माझी बायको.

एवढंच तिचं मागणं होतं. आणखी काहीच नाही.

आता टायरचं सांगतो. टायर खरंच गुळगुळीत झाले होते. शॉकअप तेल गाळत होते. बदलायचेच होते — म्हणजे आजार नसता तरी त्या महिन्यात मी ते बदललेच असते. हे पहिलं. सोलापुरात माझा नेहमीचा मिस्त्री आहे, टायर-शॉकअप दोन्ही त्याच्याकडंच. त्यानं विचारलं, "माल के वास्ते होना, के आदमी बैठने के वास्ते?" मालाचे टायर वेगळे असतात, टणक, शॉकअपही कडक. त्यानं पाट्यावर हात ठेवून आणखी विचारलं, "ये एक्स्ट्रा निकालूं क्या? आधे दिन का काम है."

मी म्हणालो, "नको. मालासाठीच."

झालं. हेच ते. एवढं सांगायला मला इतकी वर्षं लागली? — नाही, थांबा. एवढंच असतं तर कदाचित मी कधीच सांगून मोकळा झालो असतो.

घरी आलो आणि अंगणात गाडी लावून, चारचौघांत, मोठ्यानं म्हणालो, "अक्का, तुझ्यासाठी गाडीला सगळं नवं घातलंय बघ. पाण्यावरनं गेल्यासारखी जाशील." कशाला म्हणालो? कुणी विचारलं होतं का? तोंडातनं गेलं, आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्याकडं बघून मलाही ते खरं वाटायला लागलं. अक्का तर काठी टेकत बाहेर आली आणि तिनं टायरवरनं हात फिरवला. शेजारचे मास्तर स्वतःची कार द्यायला आले होते, रोज सकाळी घेऊन जा म्हणाले. त्यांना मी अक्कासमोरच सांगितलं, "कशाला मास्तर? आता आपली गाडी काय कमी आहे?"

मास्तरांची गाडी घेतली असती तर माझ्या फरशीची खेप बुडाली असती. हे त्यांना कसं सांगणार?

कारण खरी गोष्ट अशी की मी अक्काला नेत नव्हतो. मी फरशी नेत होतो, आणि सोबत अक्काला. संध्याकाळी गाडी भरून ठेवायची, सकाळी तिला केबिनमध्ये बसवायचं, सोलापुरात आधी माल उतरवायचा — तोवर ती उन्हात गाडीतच बसून — मग दवाखाना. जाताना फारसा त्रास नव्हता, गाडी भरलेली असायची. येताना रिकामी. शेक घेऊन दमलेलं माणूस, मणक्यात आजार, खाली चौघडी केलेली सोलापुरी चादर, आणि टायरमध्ये मालाच्या हिशेबानं ठासून भरलेली हवा. थोडी हवा सोडली असती तरी फरक पडला असता. दोन मिनिटांचं काम. पण मग परत भरायला थांबावं लागलं असतं, आणि मला खाणीवर नंबर लावायचा असायचा.

अक्कलकोट सोडलं की आमच्या गावापर्यंतचा रस्ता म्हणजे नावाला रस्ता. तिथं ती दाराच्या वरची कडी दोन्ही हातांनी धरायची आणि डोळे मिटायची. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं 'शिवा, शिवा' पुटपुटायची. मी गाडी हळू घ्यायचो, खोटं का बोलू, घ्यायचो हळू. पण हळू चालवून पाटा निघत नाही.

चार शेक झाले. पाचव्या दिवशी सकाळी ती उठून बसली, आणि म्हणाली, "साकु, तम्मा." पुरे.

मला वाटलं, कंटाळली असेल. तर तिनंच समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. "तू गाडी एवढी चांगली केलीस. नवं सगळं. तरीबी माझी हाडं अशी दुखत्यात, म्हंजे दोष गाडीचा न्हाय, माझ्या हाडांचाच हाय. शेकाचा काय गुण येत न्हाय. रोग वाढलाय आत. उगी कशाला तुला रोजचा ताप?"

ऐकलंत? बाईनं सरळ हिशेब मांडला होता, आणि तो बरोबर होता. फक्त मी तिला सांगितलेली गोष्ट खोटी होती. त्याच क्षणी मी म्हणायला पाहिजे होतं — अक्का, दोष गाडीचाच आहे. शेकाला वेळ लागतो, डॉक्टरांनी सांगितलंय. आज मास्तरांच्या कारनं जाऊ. तीन वाक्यं. सुवर्णा दारात उभी होती, तोंडाला पदर लावून माझ्याकडं बघत होती, आता मी काय बोलतो म्हणून.

मी म्हणालो, "बघ बाई, तुझी मर्जी."

आणि खरं सांगू का — मला सुटल्यासारखं वाटलं. माझी मलाच किळस येते हे सांगताना, पण वाटलं होतं. दवाखान्यातनं फोन आला, तेव्हा मी सांगितलं की पेशंटच नको म्हणते. त्यांनी तसंच लिहून घेतलं असणार. खोटं कुठं होतं त्यात?

अजून शेवटचं राहिलंय. सांगायला नको वाटतं, पण आता एवढं सांगितलंच आहे.

दहाएक दिवसांनी, सकाळी, मी गाडीची दोरी आवळत होतो. अक्का भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत आली. डावा पाय ओढत होती. कधी कुणाकडं काही न मागणारी बाई. तिनं इकडंतिकडं बघून घेतलं, सुवर्णा ऐकत नाही ना ते. मग बारीक आवाजात म्हणाली, "तम्मा, पायात मुंग्या येत्यात रे. आणि एकदा जाऊन बगू या का? दुखलं तर दुखलं. सोशीन मी."

घाबरली होती ती. मला दिसत होतं, घाबरलेली आहे. त्या दिवशी एका मंगल कार्यालयाची फरशी टाकायची होती, आणि ते लोक घाई करत होते. मी दोरीची गाठ मारता मारता, तिच्याकडं न बघता म्हणालो, "आता काय अक्का. तूच साकु म्हणालीस की."

ती भिंतीला धरून मागं वळली.

"व्हय," म्हणाली. "मीच म्हणाले."

परत तिनं कधी विचारलं नाही. पंधरा दिवसांत दोन्ही पाय गेले. त्यानंतर चार महिने ती अंथरुणावर होती आणि तिचं सगळं सुवर्णानं केलं. दर वेळी अक्का तोंड भिंतीकडं करून घ्यायची.

ती उंबऱ्यापर्यंत आली होती, त्या दिवशी मी फरशीच्या दोन खेपा मारल्या.