काटेरी केंड

आज स्वयंपाकाच्या यादीतलं पहिलं काम, सुके बोंबील भिजवणं, उरकलं आणि त्या वासासरशी भिंगारचं आमचं क्वार्टर आठवलं. साल एकाहत्तर-बहात्तर असेल. शेजारच्या फौजी काकांनी रामेश्वरहून प्रवाळातला एक काटेरी मासा, केंड, आणला होता, फुग्यासारखा फुगवून वाळवलेला. शाळेच्या प्रदर्शनासाठी तो मागून आणून मी खुंटीला टांगला होता. खेळून परतले, तर काष्टीहून आलेल्या आत्यानं तो गरम पाण्यात घातलेला! आमच्याकडं मासा म्हणजे बाजारातला सुका, भिजवून कालवणात टाकायचा.

मी पातेलं उचलून पोटाशी धरलं.

"दे इकडं. कालवन करायचंय."

"विषारी आहे तो!" मी ठोकून दिलं.

"घरात इख कोन टांगून ठेवतं गं?"

"मी!"

आत्या हसली, पण मी पातेलं सोडलं नाही. पुढे भिजून चपट्या झालेल्या त्या माशात भुसा भरून, चुलीशेजारी वाळवून तो मी प्रदर्शनात मांडलाच.

त्या जातीच्या माशात खरंच जीवघेणं विष असू शकतं, हे फार वर्षांनी वाचलं. तेव्हा मी फक्त माझं प्रदर्शन वाचवत होते. त्या संध्याकाळी त्या कालवणासाठी ताटं मात्र घरातल्या आम्हा पाचही जणांची मांडलेली होती.