डाव्या हाताची काठी

थोरल्या भावासारखे विनायकदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसात एक्सेल शीट भरत बसलो होतो. वहिनींचा फोन होता. "सकाळी चहा मागितला, आणि मी आणेपर्यंत..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. आठवड्याभराने त्यांना भेटायला त्यांच्या अल मनखूलच्या घरी गेलो, तर निघताना त्यांनी दाराआडची काठी माझ्या हातात ठेवली. नको म्हणायची सोय नव्हती.

काठी दादांनीच घडवलेली. इथे आखातात, रास अल खोरच्या सुतारकामाच्या वर्कशॉपात ते फोरमन. जुन्या सागवानी चौकटीचा तुकडा त्यांनी महिनाभर जेवणाच्या सुट्टीत तासला, खाली लोखंडी टोपी बसवली आणि वर अंगठ्यापुरती खोबण कोरली. दादा डावखुरे, त्यामुळे खोबणही डाव्या अंगठ्याची. माझ्या उजव्या हातात ती काठी कधी नीट बसली नाही. सुट्टीत आमचा एकच उद्योग, जिओकॅशिंग. कुणीतरी डोंगरात लपवलेला डबा फोनवरच्या खुणेने शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा. वहिनींच्या मते हा शुद्ध रिकामटेकडेपणा होता. दादांना मात्र त्या वहीचं फार अप्रूप. एकदा म्हणाले, "तीस वर्षं इथली दारं केली रे मिलिंद. सगळ्यांवर दुसऱ्यांची नावं. डब्यात तरी आपलं राहू दे."

या हिवाळ्यात जबल जैसच्या डोंगरावर बर्फ पडल्याचं कळलं. असं कधीतरीच होतं, म्हणून आम्ही लगेच निघालो. वर पातळ पांढरा थर, चिटपाखरू नाही. एका वळणावर मी घसरलो, तेव्हा दादांनी काठी माझ्या हातात दिली आणि स्वतः रिकाम्या हातांनी चालू लागले. डबा सापडला तोवर त्यांना धाप लागली होती. ते खालच्या दगडावर टेकले. माझी बोटं बधिर झालेली. कसंबसं स्वतःचं नाव खरडलं आणि वही मिटली.

"माझं लिहिलंस ना?"

मी हो म्हटलं. खोटं बोललो.

उतरताना धुकं दाटलं, म्हणून चढतानाच्या आमच्याच पावलांवरून निघालो. माझ्या पावलांच्या उजवीकडे काठीची भोकं होती, ती असणारच. पण दादांच्या पावलांच्या डावीकडेही तशीच रांग होती... काठीच्या टोपीएवढी, गोल. डब्यापासून खाली मी घसरलो त्या वळणापर्यंत सलग, जिथे त्यांच्या हातात काठीच नव्हती. आमच्याशिवाय तिसरं पाऊल कुठेच नव्हतं. दादांनी ती रांग पाहिली आणि म्हणाले, "यल्ला, चल. बघत नको राहू." पाच आठवड्यांनी ते गेले.

ते खोटं मला खात राहिलं. म्हणून मागच्या शनिवारी काठी घेऊन एकटाच वर गेलो. बर्फ केव्हाच विरला होता. वही उघडली. माझं नाव होतं, त्याखाली एक ओळ कोरी, आणि त्याखाली नंतर येऊन गेलेल्या तिघा अनोळखी माणसांची नावं. मी जागा सोडली नव्हती. सगळी वही चाळली. कोरी ओळ दुसरीकडे कुठेही नाही. तिथे मी दादांचं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, आणि मोठ्याने माफी मागितली.

गाडीपाशी आलो. किल्लीसाठी उजवा हात सहज खिशात गेला, तेव्हा लक्षात आलं. काठी माझ्या डाव्या हातात होती, आणि अंगठा खोबणीत नीट बसला होता.