पोपटरावांची शेवटची फेरी

पोपटराव हे काही त्यांचं खरं नाव नाही. ते मीच ठेवलं. एकोणतीस वर्षं एकच बंगला लोकांना दाखवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं? आणि त्यांनाही त्याचा राग नव्हता. मी तिकिटाच्या खिडकीत, ते आत फेऱ्या मारणार, असा आमचा संसार.

बंगला मोठ्या साहेबांचा. देश ज्यांनी चालवला ते मोठे साहेब. ते जाऊन पस्तीस वर्षं झाली, पण त्यांच्यावरून भांडणं काही मिटत नाहीत. एक सरकार येतं, फाटकावर 'राष्ट्राचे शिल्पकार' अशी भलीमोठी पाटी लावतं. दुसरं येतं, ती उतरवतं आणि माझ्या खुर्चीमागे आणून टाकतं. मला मेलं पाय पसरायला जागा नाही. साहेब थोर होते का वाईट, काय ते एकदा ठरवा आणि आम्हाला सोडवा, असं मी कितीदा म्हटलं असेल.

पोपटरावांनी मात्र ह्यातून वाट काढली होती. माणूस फाटकातून आत आला की नुसत्या चालीवरून ते ओळखायचे, हा साहेबांचा भक्त की वैरी. भक्ताला सांगायचं, साहेब अठरा अठरा तास काम करत, त्यांनी धरणं बांधली, दवाखाने काढले. वैऱ्याला सांगायचं, ह्याच टेबलावर अटकेच्या याद्यांवर सह्या होत. गर्दी सरमिसळ असली की फक्त फर्निचर. दोन्ही खरं होतं, हीच तर कटकट होती. त्यांची स्वतःची आई वाचली ती साहेबांच्या दवाखान्यात, आणि बायकोचा भाऊ गेला तो साहेबांच्याच हुकमाने.

त्या मेव्हण्याची गोष्ट ते वैऱ्यांना शेवटी सांगायचे. एकोणीस वर्षांचा पोरगा, पांढरा शर्ट, दारात पोलिसांची गाडी, आणि गाडीमागे रस्त्याच्या टोकापर्यंत अनवाणी धावलेली बहीण. पोरगा परत आलाच नाही. लोक डोळे पुसायचे. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मीही रडले होते. नंतर नंतर मी तेवढ्यात चहा पिऊन घ्यायची.

"घरी बोलता का हो ह्यावर?" मी एकदा विचारलं होतं.

"छे! लग्नाआधीचं आहे ते सगळं. मला सासूबाईंनी सांगितलं, तेही अर्धंमुर्धं. घरात त्याचं नावसुद्धा काढत नाही मी. ती खचून जाईल."

त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, ह्या बंगल्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. पोपटरावांच्या मित्रमंडळींचं चहापाणी त्यांनी घरी केलं, पण इथं नाही आल्या.

पोपटरावांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारच्या फेरीला खिडकीत एक हात आला. "एक द्या." वर बघते तर वहिनी!

"अहो, तुम्हाला कसलं तिकीट!"

"नको, फुकट नको. म्हटलं, हा माणूस इतकी वर्षं रोज सकाळी उठून जातो कुठे, ते एकदा बघावं."

तिची गोष्ट हा माणूस रोज परक्यांना ऐकवतो, हे तिला कळलं तर? मी खिडकी लावून घेतली आणि फेरीच्या मागोमाग गेले.

सात-आठजण होते. टेबलाच्या खोलीत पोपटरावांनी मागे वळून पाहिलं आणि बायको दिसताच त्यांचा चेहराच उतरला. मग लागले फर्निचर सांगायला. टेबल साडेसात फुटांचं, सागवानी, खण सहा. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात एक चष्मेवाली बाई पुढे आली. "अहो, मागच्या वर्षी तुम्ही मेव्हण्याची गोष्ट सांगितली होती ना? ह्यांना मुद्दाम तेवढ्यासाठी आणलंय." शेजारी तिचा नवरा मान डोलवत उभा. मेलीला आजच यायचं होतं!

"आज नको. उशीर झालाय," पोपटराव पुटपुटले.

"सांगा ना," वहिनी म्हणाल्या. "मलाही ऐकायचीय."

आता कुठे पळणार? खाली गालिच्याकडे बघत त्यांनी सुरुवात केली. पण तोंडाला सवय झालेली, शब्द आपोआप येत गेले. थांबायच्या जागी ते थांबले. बहीण अनवाणी धावली, तेव्हा चष्मेवालीने रुमाल काढला.

"शर्ट निळा होता," वहिनी म्हणाल्या.

सगळे वळून त्यांच्याकडे बघायला लागले.

"आणि बहीण धावली नाही. शेजारच्या दोघांना आदल्याच दिवशी नेलं होतं, मला वाटलं मलाही नेतील. मी दार लावून घेतलं. तो बाहेरून ताई, ताई करत होता. गाडी जाईपर्यंत मी आतून कडी घट्ट धरून उभी होते."

चष्मेवाली नवऱ्याला ओढत बाहेर घेऊन गेली, बाकीचेही हळूहळू पांगले. मीही निघायला हवं होतं, पण मी दाराशीच थांबले.

"अगं," पोपटराव म्हणाले. त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही. "मला कधी बोलली नाहीस तू."

वहिनी चिडल्या नाहीत. फार दमल्या होत्या.

"तुम्ही विचारलंत कधी? लग्न झाल्यापासून वाट बघतेय मी."