दहा यार्ड मागे

माझ्या मुलीवर पहिला फ्लॅग पडला तेव्हा मला राग आला नाही, कारण मला नियमच माहीत नव्हता. मग नियम कळला, आणि तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

मुलगी युनीत, म्हणजे इथल्या विद्यापीठात शिकते. गेल्या वर्षी तिने अमेरिकन फुटबॉलच्या महिला संघात नाव घातलं. इथे ऑस्ट्रेलियात या खेळाला कुत्रंसुद्धा विचारत नाही. आमच्या गुंगालिनजवळच्या एका ओव्हलवर, म्हणजे मैदानावर, रविवारी दुपारी, बोचऱ्या वाऱ्यात मॅच होते आणि प्रेक्षक म्हणजे खेळणाऱ्यांचे आईबाप. माझी मुलगी उंच, रुंद खांद्यांची, अंगाने भरदार. मिस्सा संपली की चर्चबाहेर बायका हातात चहाचे कप धरून तिला भात कमी करायला सांगतात, तेही तोंडावर, आणि वर हसतात. त्या संघाच्या कोचने मात्र तिला बघितलं आणि विचारलं, इतके दिवस होतीस कुठे? तिच्या आकारमानाचा कुणाला आनंद झाल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या दिवशी घरी येताना ती गाडीत गाणं म्हणत होती.

तिचं काम सोपं नाही. चेंडू फेकणारी मुलगी मागे उभी असते, तिच्या अंगावर धावून येणाऱ्यांना हिने पुढे उभं राहून अडवायचं. ती चेंडू फेकणारी हिची जिवाभावाची मैत्रीण. अडवायचं, ढकलायचं, पण धरून ठेवायचं नाही. धरलं की होल्डिंग. रेफरी पिवळा फ्लॅग टाकतो आणि संघ दहा यार्ड मागे जातो.

एका मॅचमध्ये हिच्यावर तीन फ्लॅग पडले. तिन्ही वेळा समोर तीच मुलगी होती, चपळ, अगदी पाप्याचं पितर. धावत यायची, हिच्यावर आपटायची आणि दोन्ही हात पसरून खाली पडायची, की लगेच फ्लॅग. आम्ही हरलो. कोच म्हणाला, असंच चाललं तर सेमीफायनलला तुला बाहेर बसवावं लागेल.

त्या संध्याकाळी जेवताना नवऱ्याने फोनवर काढलेला व्हिडिओ लावला. नवरा सोमवारी सकाळी घरून काम करता करता अमेरिकेतल्या मॅच बघतो, त्यामुळे या विषयातला घरचा पंडित तोच.

"होल्डिंग काय, चेंडू सुटला की दर प्लेला असतंच गं," तो म्हणाला. "सगळ्याला शिक्षा करत बसले तर खेळच होणार नाही. जिथे प्लेवर फरक पडतो तिथेच रेफरी फ्लॅग टाकतो."

"मग इथे काय फरक पडला? चेंडू तर केव्हाच पलीकडे गेलाय."

"ती पडली ना."

"हात बघ हिचे! समोरचीच्या छातीवर आहेत, सरळ खांद्यांच्या आत. जर्सी धरलीय कुठे?"

"अगं, रेफरीसुद्धा माणूसच आहे."

असा समंजसपणा ऐकला की माझं डोकं फिरतं. मुलीने ताटातून मान वर केली. ती म्हणाली, "फर्स्ट वन वॉज फेअर, आई. तिथे मी खांद्याला धरलं होतं. बाकीचे दोन, नो वे."

पुढच्या रविवारी पुन्हा त्याच संघाशी मॅच होती, इथे संघच मोजके. मॅचआधी मी फोन घेऊन त्याच रेफरीसमोर उभी राहिले. माणूस वाईट नव्हता. हौसेने येतो, फुकट शिट्टी फुंकतो. त्याने व्हिडिओ नीट पाहिला.

"फेअर इनफ," तो म्हणाला. "पण मी मागच्या बाजूला होतो, मला हात दिसत नव्हते. मला ती पडताना दिसली. अँड युअर गर्ल्स अ बिग युनिट, मेट."

धिप्पाड आहे तुमची मुलगी. एवढ्या प्रेमाने म्हणाला की मला त्याची शिट्टी ओढून घ्यावीशी वाटली. म्हणजे हात बघायचेच नाहीत! पडलं कोण आणि उभं कोण राहिलं, एवढं बघितलं की निकाल लागला.

हा निकाल माझ्या ओळखीचा होता. वसईला आमच्या अंगणात माझा धाकटा भाऊ असाच पडायचा. मी हात लावायच्या आधीच भोकाड पसरायचा, आणि आतून आईचा आवाज यायचा, "तू मोठी ना? सोडून दे." मी सोडत गेले. खेळणी सोडली, खिडकीची जागा सोडली, पुढे ऑफिसमधल्या मीटिंगांत माझी वाक्यंसुद्धा अर्ध्यावर सोडली. इतकी सवय झाली की लोक मला शांत स्वभावाची म्हणायला लागले.

त्या रविवारी मुलीने एकही फ्लॅग घेतला नाही. ती हात आखडून उभी राहिली. ते पाप्याचं पितर आलं की ही नुसतं अंग पुढे करायची आणि ते बाजूने निघून जायचं. मैत्रीण पुन्हा पुन्हा जमिनीवर आदळली. एकदा तर ती बराच वेळ उठलीच नाही आणि माझी मुलगी हेल्मेटवर दोन्ही हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली. मॅच संपल्यावर रेफरीने हिला अंगठा दाखवला. "गुड क्लीन गेम!"

परतीच्या वाटेवर तिने गाणं म्हटलं नाही.

"नो फ्लॅग्ज टुडे, आई," एवढंच म्हणाली. हा आवाज मी ओळखत होते. तो माझा होता.

मी गाडी कडेला घेतली. "सेमीफायनलला असं खेळलीस तर मी मैदानातून निघून जाईन," मी ओरडले. "पडू दे त्यांना. फ्लॅग पडू दे. पण तुझ्या मागे कोण उभं आहे ते विसरू नकोस."

"कोच मला बेंचवर बसवेल."

"बसवू दे."

नवरा मागच्या सीटवरून म्हणाला, "अगं, जरा हळू." मी हळू बोलले नाही.

सेमीफायनलही त्याच संघाशी होती, आणि कोचने तिला खेळवलं. दुसऱ्याच प्लेला ते पितर धावत आलं. मुलीने पाय रोवले, तळवे तिच्या छातीवर टेकवले आणि तिला जागच्या जागी थोपवलं. मैत्रिणीने सावकाश, उभ्याने चेंडू फेकला. पितराने हात पसरले आणि ते पडलं. पिवळा फ्लॅग हवेत गेला.

सगळा संघ कुरकुरत दहा यार्ड मागे निघाला. मुलीने पडलेलीला हात देऊन उठवलं, मागे चालत गेली आणि मैत्रिणीच्या पुढ्यात पुन्हा तशीच पाय रोवून उभी राहिली.

मी टाळ्या वाजवत होते. त्या अख्ख्या ओव्हलवर मी एकटीच.

"अगं, पेनल्टी आहे ती," नवरा माझा हात धरत म्हणाला. "आपल्याविरुद्ध!"

"माहीत आहे मला," मी म्हणाले. "हात सोड."